तिसरा ते आठवा आठवडा

४ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
मामाचे पोटभर आशीर्वाद.

आधी सगळ्यांची हजेरी घेतो. तुझी तब्येत कशी आहे? पायांवरची सूज उतरली का? विहीणबाईंचं ब्लडप्रेशर काय म्हणतंय? स्वतःची गोळी वेळेवर घेतात, की नुसत्या दुसऱ्यांना वेळा सांगतात? जावईबापूंची बोट सध्या कुठल्या पाण्यात आहे, आणि कंबर बरी आहे का? इंजिनापाशी वाकून वाकून माणसाचा कंस होतो. आणि ज्याची कोणी धड चौकशी केली नसेल, तो आतला पाहुणा कसा आहे? लाथा मारतो ना? मारू दे. इकडे तुझ्या मामीचा पाय आता छान जुळलाय. काठीची गरज उरली नाही, मला धाक दाखवायला म्हणून हातात धरते. माझे कान होते तसेच, म्हणजे नाहीतच. फोनवर मला नुसती खरखर ऐकू येते, म्हणून तर आपला सगळा भार पोस्टमनवर.

तुझं पत्र तीनदा वाचलं. बाळाच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालीय असं तपासणीत दिसलं, हे वाचून काळजात चर्र झालं. पण त्याहून लागलं ते पुढचं वाक्य. तपासणीच्या दहा दिवस आधी पडदे लावताना तू स्टुलावरून पडलीस, त्यानेच हे झालं असं घरात म्हणतात, आणि आता तुलाही तसंच वाटतं. म्हणून तुला वरच्या खोलीत बसवून ठेवलंय. जिना उतरायचा नाही, ऑफिसला जायचं नाही, समोर लाँड्रीची भिंत आणि वाफेचा पाइप. ज्या पोरीला जेवताना एका जागी बसवायला तुझ्या मामीला दाराला टेकून बसावं लागे, तिला!

भिंगरे, ते स्टूल निर्दोष आहे. त्याला सोडून दे.

तुला माहीत आहे, माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं जे काही डोक्यात शिरलं ते बांधायला आलेल्या पुस्तकांतून. मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीचं गर्भशास्त्राचं ते जाडजूड पुस्तक आजवर तीनदा पाठ सुटून माझ्याकडे आलंय, आणि तिन्ही वेळा मी पानांचे फर्मे शिवता शिवता वाचलंय. अडलं की शरीररचना शिकवणाऱ्या बाईंना विचारायचं. आता ऐक.

हृदय आधी हृदयासारखं नसतंच. दोन बारीक नळ्या शेजारी शेजारी असतात, वातीसारख्या. त्या जवळ येतात आणि एक होतात. ती एकच नळी धडधडायला लागते. तिच्यात अजून एकही खोली नाही, झडप नाही, पण कामाला सुरुवात! मग ती लांब होत जाते, आणि जागा अपुरी पडते म्हणून वळते, दुमडते. मग आतून भिंती उभ्या राहतात, वरच्या दोन खोल्या, खालच्या दोन. सगळ्यात नाजूक काम शेवटी. हृदयातून बाहेर जाणारा रस्ता सुरुवातीला एकच असतो. त्याच्या मधोमध एक पडदा वाढतो, आणि तो सरळ वाढत नाही, पीळ घेत वाढतो, वेणीच्या पेडासारखा. त्या पिळामुळेच एक वाहिनी फुफ्फुसाकडे जाते आणि दुसरी साऱ्या अंगाकडे. आपल्या बाळाचा पीळ पडायचा राहिला. पडदा सरळ उतरला, म्हणून दोन्ही वाहिन्या चुकीच्या खोल्यांतून निघाल्या.

आणि मुख्य गोष्ट ही, की हे सगळं तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं आणि आठव्यात आटपतं. तेव्हा बाळ माझ्या अंगठ्याच्या पेराएवढं असतं. तू स्टुलावर चढलीस तेव्हा हे बांधकाम पुरं होऊन दोन महिने उलटले होते. उभ्या घराच्या विटा कोणी स्टुलावरून पडलं म्हणून जागा बदलत नाहीत.

हे विहीणबाईंना वाचून दाखव. मग जिना उतर.

तुझा मामा

---

१३ ऑगस्ट

ती. मामास,
सा. नमस्कार.

मामीच्या काठीला माझा नमस्कार सांग. आईंचं ब्लडप्रेशर त्यांच्यासारखंच आहे, खाली यायचं नाव घेत नाही. यांची बोट जानेवारीत परतेल. फोन आला की म्हणतात, "आई सांगते तसं कर, मी इथून काय बोलणार?" पाहुणा लाथा मारतो, विशेषतः मी पत्र लिहायला टेकले की.

तुझं पत्र वाचून एक दिवस फार हलकं वाटलं. एकच दिवस. मग मी हिशेबाला बसले.

तू ओळखतोसच मला. नकाशे काढणाऱ्या ऑफिसात सात वर्षं घासलीत, रजेवर असले तरी हात गप्प बसत नाही. आलेखाचा कागद घेतला, दवाखान्याच्या कार्डावरचे आठवडे मांडले, आणि तिसऱ्यापासून आठव्यापर्यंत लाल पेन्सिलीने चौकोन काढला. त्या चौकोनात २३ ते २६ मार्च आले.

मामा, त्या चार दिवसांत मला अर्धशिशी उठली होती. नकाशाची तारीख तोंडावर आलेली. कपाटातल्या जुन्या गोळ्या होत्या, दोन घ्यायच्या तिथे चार चार घेतल्या. पोटात कोणी आहे हे तेव्हा ठाऊकच नव्हतं. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. आईंना नाही, यांना नाही, डॉक्टरीणबाईंनाही नाही.

तुझं पत्र मी आईंना वाचून दाखवणार होते. आता कसं दाखवू? स्टूल सुटलं आणि मी सापडले.

आता डॉक्टरीणबाई काय म्हणतात ते ऐक. पोटात बाळाला काही त्रास नाही, त्याचं फुफ्फुसाचं काम मीच करते, आणि त्याच्या हृदयात रक्त मिसळायला दोन वाटा उघड्या असतात. जन्मानंतर त्या वाटा मिटायला लागतात. मग फुफ्फुसातलं चांगलं रक्त पुन्हा फुफ्फुसातच जाणार, आणि अंगातलं काळं पुन्हा अंगातच. दोन गोल, दोन्ही बंद. म्हणून जन्म मोठ्या हृदयाच्या इस्पितळातच व्हायला हवा, जिथे पहिल्या तासापासून माणसं तयार असतात. ते इस्पितळ इथून रेल्वेने अख्ख्या दिवसाच्या वाटेवर. आई म्हणतात, "या अवस्थेत प्रवास? एकदा पडलीस ते पुरे नाही झालं? कोपऱ्यावरचं प्रसूतिगृह आहे, ओळखीचं आहे. पुढचं पुढे बघू."

मी भांडू शकते. जीभ काही झडलेली नाही. पण तोंड उघडलं की मला ते चार दिवस दिसतात. ज्याचं वाटोळं मी केलं त्याच्यासाठी हट्ट कोणत्या तोंडाने करू? मग मी भिंतीकडे बघत बसते. लाँड्रीचा पाइप दर दहा मिनिटांनी फुस्स करतो. दिवसातून किती वेळा ते मला पाठ आहे.

तुझ्या पुस्तकात गोळ्यांचं काय लिहिलंय? खरं लिही.

तुझी भिंगरी

---

७ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. कामाचा रेटा होता, मग दोन दिवस मामीच्या पायात कळा आल्या. आता ठीक आहे. इकडे ऊन बरं पडतंय, पुठ्ठे लवकर वाळतात.

गोळ्यांचं मनाला लावून घेऊ नकोस. होतं असं. डॉक्टरांना सगळं सांगून टाक, त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. मी काय, शिवणारा माणूस. पुस्तकं शिवली म्हणून कोणी शहाणा होत नाही. मोठ्या इस्पितळात जा असं मात्र मलाही वाटतं. विहीणबाईंना समजावून बघ.

वेळेवर जेव. तब्येतीला जप.

तुझा मामा

---

१२ सप्टेंबर

ती. मामास,

मागच्या वेळी चार पानं, आणि आता अर्धं. त्यातही पुठ्ठे वाळल्याची बातमी.

लहानपणी माझा ससा मेला होता तेव्हाही तू असाच बोलत होतास. तासभर उन्हापावसाच्या गप्पा. मी तेव्हाच ओळखलं होतं.

पुस्तकात काय आहे ते तू बघितलंस आणि मला सांगत नाहीयेस. म्हणजे गोळ्याच. बरं झालं, कळलं तरी. मी तुझ्यावर रागावलेली नाही, तू मला वाचवायला बघतोयस.

काल आईंनी कोपऱ्यावरच्या प्रसूतिगृहात नाव घालायचं विचारलं. मी हो म्हटलं. त्यांना बरं वाटलं. मला काहीच वाटलं नाही.

तुझी भिंगरी

---

१९ सप्टेंबर

चि. भिंगरीस,

आज हजेरी घेत नाही. आज माझीच हजेरी आहे.

तू वाचवायला बघतोयस म्हणालीस. हो, मी वाचवायला बघत होतो, पण तुला नव्हे, स्वतःला.

तुझं तेरा ऑगस्टचं पत्र वाचलं त्याच मिनिटाला मला चूक दिसली होती. चूक माझी. माझ्या पुस्तकातला आठवडा आणि तुझ्या कार्डावरचा आठवडा एक नाहीत. पुस्तक गर्भ राहिल्या दिवसापासून मोजतं. दवाखाना शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतो, कारण बाईला तेवढंच नक्की ठाऊक असतं. दोन्हींत दोन आठवड्यांचं अंतर. हे मला माहीत होतं, आणि ऐटीत पत्र लिहिताना मी ते सांगायला विसरलो. तू कागदावर चौकोन काढलास तो दोन आठवडे अलीकडे पडला.

तो उचल आणि दोन आठवडे पुढे ठेव. तुझ्या गोळ्या बाहेर पडतात. तेवीस मार्चला तुझ्या पोटात हृदय सोड, त्या दोन वातीसुद्धा नव्हत्या. मूठभर पेशी होत्या, नुकत्या गर्भाशयाच्या भिंतीला चिकटत होत्या. मी स्वतःवर भरवसा ठेवला नाही, शरीररचनेच्या बाईंना जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "तारखा बरोबर असतील तर त्या वेळी हृदयाचा पत्ताच नव्हता. तरी तिने आपल्या डॉक्टरांना सांगावं, म्हणजे तिच्या मनातून जाईल."

हे एका ओळीत लिहून मी ऑगस्टमध्येच तुला मोकळी करू शकलो असतो. का नाही केलं? कारण चौकोन पुढे सरकला की त्यात काय येतं ते बघ. दहा ते अठ्ठावीस एप्रिल.

तुझ्या मामीचा पाय मोडला म्हणून तू आमच्याकडे होतीस. आतली खोली मामीला दिलेली, तुझी खाट माझ्या कामाच्या खोलीत. कॉलेजचे प्रबंध बांधायला आलेले. रेक्झिन चिकटवायचं ते उग्र सोल्यूशन डबेच्या डबे उघडं, आणि वर सोन्याचा वर्ख. वर्ख लावताना मी खिडक्या मिटतो. जरा वारा आला की वर्खाची पानं उडतात. एकोणीस दिवस खिडक्या मिटलेल्या. तू एकदा म्हणालीससुद्धा, "मामा, डोकं गरगरतंय, जरा उघडू का?" मी काय म्हणालो आठवतं? "सोनं उडेल, दोन दिवस कळ काढ." तो पीळ पडायचे दिवस तेच होते, भिंगरे. मी कॅलेंडरवर बोट ठेवून ठेवून बघितलं. पानं उलटली तरी तारखा तिथेच.

म्हणून मी गप्प बसलो. तुझ्या डोक्यावरचं ओझं उचललं की ते माझ्याच डोक्यावर येणार हे दिसत होतं, म्हणून मी ते तुझ्याच डोक्यावर राहू दिलं. पस्तीस दिवस. पुस्तकं आवळायच्या कुठल्या दाबात मी एवढा घट्ट कधी सापडलो नव्हतो, आणि दाबाचा स्क्रू माझ्याच हातात.

बाईंना तेही विचारलं. मान खाली घालून विचारलं. त्या म्हणाल्या, "अशा वासांबद्दल संशय घेणारे अभ्यास आहेत. पण एका बाळाकडे बोट दाखवून याच्यामुळेच झालं असं कोणी सांगू शकत नाही. होय म्हणता येत नाही, नाहीही म्हणता येत नाही. बहुतेक बाळांच्या बाबतीत कारण सापडतच नाही." मी म्हटलं, "बाई, मला होय किंवा नाही हवंय." त्या म्हणाल्या, "तुम्हालाच नाही, सगळ्यांनाच हवं असतं."

तेव्हा मी तुला ते देऊ शकत नाही. पण एक सांगतो. कोणाला तरी दोष दिल्याशिवाय तुला तिथून उठता येत नसेल, तर मला दे. मी जवळपास सत्तरीचा आहे, मला कुठे जायचं नाही. पण तुला जायचंय. त्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यातलं नाव खोड. बाळाचे दोन गोल बंद होतील तेव्हा ते उघडणारी माणसं जवळ हवीत, एक दिवसाच्या वाटेवर नव्हे.

हे पत्र लपवू नकोस. विहीणबाईंना दे. माझी अब्रू सांभाळू नकोस.

मामा

---

३ ऑक्टोबर

ती. मामास,
सा. नमस्कार.

दोन दिवस मी तुला उत्तर लिहिणार नव्हते. कधीच नाही, असं ठरवलं होतं. खिडकीचं नव्हे, पस्तीस दिवसांचं. त्यांतल्या एका दिवशी मी हो म्हटलं होतं, कळतंय का तुला? तिसऱ्या दिवशी तुझं पत्र घेऊन जिना उतरले. आई डाळ निवडत होत्या. ताट बाजूला सारून ओरडल्या, "अगं, खाली कशाला आलीस? हाक मारायची!"

मी म्हटलं, "आई, चष्मा लावा."

त्यांनी वाचलं. दोन्ही पत्रं, आधीचंही. तुझं अक्षर त्यांना लागत नाही, म्हणून मध्ये मध्ये मी वाचलं. गोळ्यांचं सांगितलं. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. पण त्यांनी विचारलं, "आठवा आठवडा म्हणजे किती महिने गं?"

"दोन. कार्डावर मोजलं तर अडीच."

"मग सातव्या महिन्यात गच्चीवर चढलं तर?"

"कोण चढलं?"

"चढलं तर होतं का, तेवढं सांग."

मामा, यांच्याआधी आईंना एक मुलगी झाली होती. घरातल्या घरात. दुसऱ्या दिवशी निळी पडली, तिसऱ्या दिवशी गेली. हे यांनाही माहीत नाही. सातव्या महिन्यात आई वाळवण काढायला गच्चीवर चढल्या होत्या, म्हणून झालं, असं त्यांची सासू मरेपर्यंत त्यांना एकट्यात म्हणाली. आई अडतीस वर्षं गच्चीवर गेलेल्या नाहीत. आमच्याकडे कपडे अंगणात का वाळतात ते मला तेव्हा कळलं.

त्या मुलीला काय होतं ते कोणी बघितलंच नाही, आता सांगणार कोण? पण मी म्हटलं, "तिच्या हृदयात दोष असेल तर तो गच्चीने झाला नव्हता, आई. गच्चीच्या कितीतरी आधी सगळं घडून गेलं होतं."

त्यांनी पदर तोंडाला लावला. मग पाच मिनिटांनी उठल्या आणि मलाच ओरडल्या, "बसलीस काय? ती मोठी बॅग माळ्यावर आहे, मी का चढू माळ्यावर या वयात?" मग स्वतःच चढल्या. मला स्टुलाला हातही लावू दिला नाही.

एक नोव्हेंबरचं तिकीट आहे, दोघींचं. इस्पितळाजवळ एक खोली मिळाली आहे. डॉक्टरीणबाईंना गोळ्यांचं सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं आणि तुझ्या बाई म्हणाल्या तेच म्हणाल्या.

तुला माफ केलं असं मी लिहीत नाही. खिडकीचं माफ करायला ते तुझ्यामुळे झालं असं आधी मानावं लागेल, आणि ते मी मानणार नाही, कारण कोणी सांगू शकत नाही. गप्प बसल्याचा राग आहे. अजून आहे. तो तुझ्याकडे राहू दे, जपून ठेव, मी येऊन परत घेईन.

तुझी भिंगरी

---

३ डिसेंबर

ती. मामास,
सा. नमस्कार.

तुझी दोन्ही पत्रं इथे पोचली. दुसऱ्यावर पत्त्यात खोली क्रमांक चुकला होता, पण सगळ्या मजल्यावर आई प्रसिद्ध असल्यामुळे बरोबर आलं.

आठ दिवसांपूर्वी मुलगा झाला. रडला, मोठ्याने. मग ओठ निळे. त्यांनी मला एकदा दाखवला आणि नेला. त्याच दिवशी पायाच्या शिरेतून नळी घालून हृदयातली वरची वाट फुग्याने मोठी केली, म्हणजे रक्त थोडं मिसळत राहील. आता तो काचेच्या पेटीत आहे. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं आत सोडतात. हात घालायला एक गोल भोक आहे. मी बोट देते, तो धरतो. सोडवून घ्यायला मलाच जमत नाही. बाकी वेळ आम्ही दोघी बाकावर. आई सगळ्यांना आठवडे मोजायला शिकवतात. "दवाखान्याचे आणि पुस्तकाचे वेगळे हो," असं सांगतात.

उद्या ऑपरेशन. दोन्ही वाहिन्या कापून अदलाबदल करणार आणि आपापल्या जागी शिवणार. अक्रोडाएवढं हृदय आहे त्याचं. शिवणाऱ्या डॉक्टरांचे हात मी बघून घेतले. तुझ्यासारखे आहेत, बोटं आखूड.

अजून काही लिहवत नाही.

तुझी भिंगरी

---

९ डिसेंबर

चि. भिंगरीस,
मामा-मामीचे आशीर्वाद.

तू कशी आहेस? टाके दुखतात का? विहीणबाई बाकावर आडव्या होतात की नाही, गोळी घेतात का? जावईबापूंना बोटीवर निरोप पोचला का? आमचं दोघांचं ठीक आहे. मामी सारखी दार उघडून रस्त्यावर बघते, पोस्टमन तिला टाळायला लागलाय.

तुझं पत्र आज आलं, ऑपरेशनच्या आदल्या दिवशीचं. पण त्याआधी चार तारखेला संध्याकाळी विहीणबाईंचा फोन शेजारच्या मास्तरीणबाईंकडे आला होता. मला ऐकू येत नाही म्हणून त्यांनी पाटीवर लिहून आणलं. मी दारातच वाचलं.

"सहा तास लागले. बाळ आहे."

त्या पुसायला लागल्या तेव्हा मी पाटी त्यांच्या हातून काढून घेतली. अजून दिलेली नाही. शाळेत मुलं काय करत असतील कोण जाणे.

तेव्हापासून पाच दिवस माझ्यापाशी एवढंच आहे. बाळ आहे, हे कळलं. कसं आहे, ते पाटीवर मावलं नसावं. मास्तरीणबाई परत फोन करते म्हणाल्या, मी नको म्हटलं. दुसऱ्याच्या तोंडून आलेलं मला पुरत नाही, आणि माझ्या गप्प बसण्याने तू पस्तीस दिवस कसे काढले असतील तेही जरा कळू दे मला.

तेव्हा राग असेल तर रागाने लिही, पण लिही. लांबलचक नको, बाकावर बसून जमेल तेवढंच. त्याच्या ओठांचा रंग आता कोणता आहे, तुझ्या डोळ्यांनी बघून, तुझ्या हाताने. उद्याच्या टपालाने निघेल असं लिही.

तुझा मामा